निळ्या खडूचा उमेदवार

माझ्या साडूंसारखा उमेदवार मध्य प्रदेशाच्या विधानसभेसाठी आजवर कोणी उभा राहिला नसेल, आणि पुढेही राहील असे मला वाटत नाही. हे मत मी त्यांच्या तोंडावर अनेकदा सांगितले आहे. तेव्हा ते छापायला हरकत नसावी. त्यांच्याविषयी बरेवाईट बोलण्याचा अधिकार मी चाळीस वर्षे त्यांच्याशी भांडून मिळवला आहे. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या सचिवांनी तो मिळवलेला नाही. तरीही गणेशोत्सवात, कोजागिरीला, भेडाघाटच्या सहलीच्या बसमध्ये, इतकेच काय, ग्वारीघाटावर एकाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत असतानासुद्धा, सचिव एक किस्सा सांगतात. ‘ज्याला घरच्या बायकोनेही मत दिले नाही, असा उमेदवार आपल्या मंडळाने जबलपूरला दिला,’ हा त्या किश्श्याचा शेवट. लोक हसतात. हसण्याला माझी हरकत नाही. अर्धवट सांगण्याला आहे. सचिवांनी तो किस्सा प्रथम सांगितला, त्या प्रसंगी मी पुढच्या रांगेत बसलो होतो, आणि सचिव जिथे थांबतात तिथे तो प्रसंग मुळीच थांबला नव्हता. माझ्या मेहुणीने आपल्या नवऱ्याला मत दिले की नाही, एवढाच प्रश्न आहे. उत्तर एका शब्दाचे आहे. पण एका शब्दावर आजकाल कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

साडूंचे घराणे मराठ्यांच्या अमलात इकडे चाकरीला आले आणि त्यांचे परत जायचे राहून गेले. सचिव सांगतात की त्यांचा मूळ पुरुष सरदार होता. हे सचिवांनी निवडणुकीच्या आधी, साडूंवर त्यांचा लोभ होता तेव्हा, पसरवले. साडूंना याविषयी विचारले तर ते म्हणत, “घोड्यांना चंदी घालत असतील. पुरावा नाही.” पूर्वजालाही पुराव्याशिवाय बढती द्यायची नाही, असा हा माणूस. वडील रेल्वेत होते. हे स्वतः मिसरूड फुटताच संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागले, आणि निवृत्तीपर्यंत तिथल्या तपासणी विभागात राहिले. तिथे त्यांच्या हातात एक लोखंडी गेज असे. त्या गेजाच्या एका टोकात वस्तू शिरली पाहिजे आणि दुसऱ्या टोकात शिरता कामा नये. दोन्ही जमले तर माल पास. पास झालेल्या मालावर निळ्या खडूने बरोबरची खूण, नापास मालावर लाल खडूने फुली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने आपले गेज ठेवून घेतले, पण खडू बाजारात मिळतात, हे कारखान्याच्या लक्षात आले नाही. तेव्हापासून साडूंच्या पांढऱ्या सदऱ्याचा खिसा कायमचा जांभळा आहे.

त्यांच्या लाल फुलीपासून कांचघर या त्यांच्या मोहल्ल्यातली कोणतीही वस्तू सुरक्षित नव्हती. दूधवाल्याचे माप, गॅसच्या शेगडीची नळी, शेजाऱ्याच्या गच्चीचा कठडा, रिक्षाचे मागचे चाक. माझ्या काठीवर, तिच्या टोकाचे रबर झिजले म्हणून, त्यांनी माझ्याच घरी चहा पिता पिता फुली मारली, आणि तो चहा मी त्यांना संपवू दिला हा माझा मोठेपणा. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकांच्या थोडे आधी ते मंचाखाली वाकले आणि एका पायावर फुली मारून बाहेर आले. मुलाकडच्यांना तो अपशकुन वाटला. मुलाचे मामा तर वरात परत न्यायला निघाले होते. त्यांना शांत करता करता माझा घसा बसला. संध्याकाळी छायाचित्रकार त्याच कोपऱ्यावर उभा राहिला आणि कॅमेऱ्यासकट खाली गेला. सगळ्यांनी साडूंकडे पाहिले. ते जिलबी खात होते. ‘मी म्हणालो होतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधीही ऐकलेले नाही, आणि चीड येते ती नेमकी याचीच. निळी खूण मात्र दुर्मीळ. पिठाच्या चक्कीवर एक होती, चौकातल्या लिंबाच्या झाडावर एक होती. माणसावर मात्र त्यांनी कोणत्याच रंगाची खूण केली नाही. “माणसाला गेज नाही, भाऊसाहेब,” ते म्हणत. “असतं तर माझं लग्नच झालं नसतं. सासऱ्यांनी लावलं असतं न मला.”

या सगळ्यापेक्षा वरचढ असा त्यांचा एक नियम होता. ज्याने वस्तू बनवली त्याने ती पास करायची नाही. कारखान्यात हा नियम सगळेच पाळत. साडूंनी तो घरी आणला. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या हाताने एक कपाट केले, आणि वखारीतल्या सुताराने येऊन ते हलवून पाहीपर्यंत त्यात एक रुमाल ठेवू दिला नाही. एकदा मेहुणी तापाने आडवी असताना त्यांनी चहा केला. तो चांगला झाला होता की नाही, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी एक पेला शेजारी पाठवला. शेजारच्यांचा निरोप येईपर्यंत मेहुणी पांघरुणातून पाहत राहिली आणि चहा थंड झाला. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढचे सगळे त्याच्यावरून झाले.

ते निवडणुकीला कोणाच्या सांगण्यावरून उभे राहिले, याविषयी सचिवांकडे दोन-तीन कथा आहेत. मते फोडण्यासाठी त्यांना कोणीतरी उभे केले, ही त्यांतली मुख्य. तीही खोटी आहे. त्यांना एका पुलियाने, नाल्यावरच्या छोट्या पुलाने, उभे केले. कांचघराच्या नाल्यावर नवी पुलिया बांधली गेली आणि तिच्या कठड्याला पहिल्याच उन्हाळ्यात तडा गेला. साडूंनी फुली मारली. ठेकेदाराच्या माणसांनी वरून चुना फासला. साडूंनी चुन्यावर फुली मारली. मग आमच्या विभागाच्या आमदारांनी, ज्यांना लहानथोर सगळे भैयाजी म्हणतात, वाजतगाजत येऊन त्याच पुलियाचे लोकार्पण केले आणि फुलीच्या जागी आपल्या नावाची पाटी बसवली. साडू घरी आले, पाय धुतले आणि मेहुणीला म्हणाले, “मी उभा राहून राहिलो.” तिने विचारले, “कुठे?” एवढाच विचारविनिमय त्या घरात झाला. हे मला माझ्या पत्नीने सांगितले. मेहुणी तिची धाकटी बहीण, आणि दोघींत काही लपून राहत नाही. निदान तोपर्यंत राहत नव्हते.

त्यांची धोरणे मला मान्य होती असे नाही, पण ती त्यांचीच होती, कोणाच्या भाषणातून उचललेली नव्हती. सरकारी पैशाने बांधलेली प्रत्येक गोष्ट, बांधणाऱ्याचा किंवा त्याच्या नातलगाचा ज्याच्याशी संबंध नाही अशा माणसाने तपासल्याशिवाय लोकांना वापरायला देऊ नये, हे पहिले धोरण. आमदाराने लोकार्पण करू नये, दुरुस्ती करावी, हे दुसरे. कोणाला नोकरी लावून देणार नाही, कोणाची बदली करून देणार नाही, ही तिसरे व चौथे. भैयाजींनी चोवीस तास नळाला पाणी देण्याचे वचन दिले, तेव्हा साडूंनी सकाळचे पाणी वेळेवर देण्याचे वचन दिले आणि संध्याकाळविषयी आपण आता काही सांगू शकत नाही, असे गल्लोगल्ली जाऊन सांगितले. प्रत्येक आश्वासनालाही गेजासारखी दोन टोके असतात, असे ते मानत: ते गरजवंतापर्यंत गेले पाहिजे, आणि भलत्याच्या घरात जाता कामा नये. बाजारात मते मागायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. पहिल्याच दुकानासमोर थांबून त्यांनी पायरीकडे बोट दाखवले. “यह सीढ़ी सड़क पर है। मैं चुनकर आया तो अंदर करवाऊँगा।” दुकानदार माणूस विनोदी होता. “दादाजी, वोट माँगने आए हो कि नोटिस देने?” साडू गंभीरपणे म्हणाले, “दोनों।” त्या रांगेतली मते तिथेच संपली.

असे असूनही भैयाजींना चिंता वाटू लागली, ही गोष्ट सचिव सोयीने विसरतात. कारखान्यातून निवृत्त झालेली माणसे त्या भागात घरोघर आहेत. ती साडूंना हसत, पण ज्या मालावर यांची निळी खूण असे तो माल डोळे मिटून पुढे पाठवता येई, हेही त्यांना ठाऊक होते. भैयाजी आणि विरोधी पक्ष यांच्यातली लढत अटीतटीची होती. एके सकाळी मी साडूंकडे बसलो असताना भैयाजी स्वतः आले. बूट दाराबाहेर काढले, साडूंच्या पाया पडले, ‘बाऊजी’ म्हणाले. त्यांच्यामागून आमचे सचिव आत शिरले. मंडळाचे सभागृह कित्येक वर्षे भिंतींपर्यंत येऊन थांबलेले आहे, हे आमच्या सगळ्यांचे दुःख. भैयाजी म्हणाले, “बाऊजी, नाम वापस ले लीजिए। मंडल की छत मेरी ज़िम्मेदारी।” सचिवांचा चेहरा असा उजळला की छत जणू त्या खोलीतच उतरले. साडूंनी विचारले, “छत बनाएगा कौन?”

“अपने ठेकेदार हैं न।”

“पुलिया वाले?”

भैयाजी भिंतीवरचे कॅलेंडर पाहू लागले.

“और पास कौन करेगा?”

आतल्या दारात मेहुणी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती पुढे आली नाही, मागेही गेली नाही. शेवटी सचिव मराठीत म्हणाले, “अहो, तुम्ही काहून अडवून राहिले? सगळ्या समाजाला छत मिळून राहिलं, आणि तुम्हाला फुल्या सुचून राहिल्या.” साडू म्हणाले, “छत पडलं तर खाली समाजच राहील न?” भैयाजी हसत उठले. जाताना त्यांनी पुन्हा पायांना हात लावला, पण या वेळी ‘बाऊजी’ म्हणाले नाहीत.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. विनोदाच्या भरात सचिव ते वगळतात. मी वगळणार नाही. मंडळातली माणसे रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. ज्या भजनाला मेहुणी वर्षानुवर्षे पेटी वाजवत असे, त्याचा निरोप तिला येईनासा झाला. रोज कोणी ना कोणी फोन करून, आवाज न ओळखता यावा इतका बदलून, समजुतीच्या चार गोष्टी सांगे. माझी पत्नी बहिणीला म्हणाली, “तू तरी सांग त्यांना. तू घरातलं माणूस आहे न.” मेहुणी म्हणाली, “मी आपणहून काही सांगत नाही, ताई. ते विचारतील तेव्हा सांगीन.” थोड्या वेळाने म्हणाली, “ते विचारत नाहीत, हीच तर गोष्ट आहे.”

अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी साडू सिविल लाइंसच्या कचेरीत गेले होते, हे खरे. अर्ज मागे घ्यायला गेले होते पण एका बाकावरून वाद घालत बसले आणि वेळ टळली, ही सचिवांची कथा आहे. वेळ टळावी म्हणूनच ते गेले होते. आपल्या नावाने दुसरेच कोणी काही करू नये, एवढ्यासाठी तीन वाजेपर्यंत डोळ्यांदेखत बसून राहायचे, असे त्यांनी ठरवले होते, आणि सोबतीला मला नेले होते. व्हरांड्यात भैयाजींची माणसे होती. एक येई, वाकून म्हणे, “बाऊजी, बस एक दस्तखत।” तो जाई, दुसरा येई. त्यांच्या बोलण्यात नम्रता होती आणि उभे राहण्यात नव्हती. हळूहळू त्यांनी आमच्याभोवती असा वेढा केला की मला खांबावरचे घड्याळ दिसेना. साडू मात्र बाकाखाली हात घालून काहीतरी चाचपत होते. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि सरकारी बाकावर लाल फुली मारली. पोलीस धावत आला.

“यह क्या किया?”

“इसका पाया हिलता है।”

“तो उठ जाइए।”

“तीन बजे उठूँगा।”

पोलिसाने आजूबाजूच्या माणसांना विचारले की तुमचे इथे काय काम आहे. हे त्याने त्यांना आधीच विचारायला हवे होते, पण विचारले ते फुलीमुळे. वेढा सैल झाला. घड्याळ दिसू लागले. तीनचे ठोके पडले तेव्हा साडू उठले आणि पोलिसाला म्हणाले, “अब सुधरवा लीजिए।”

आता त्या चौकसभेकडे येतो. प्रचार संपण्याच्या संध्याकाळी कांचघराच्या चौकात त्यांची एकुलती एक मोठी सभा झाली. मोठी म्हणजे लोक भाजी घेता घेता थांबले होते. मंचावर, त्याचे चारी पाय तपासून झाल्यावर, प्रथमच मेहुणीला खुर्ची देण्यात आली. तिने ठेवणीतली महेश्वरी नेसली होती. साडू बोलत होते ते बरे बोलत होते. निवृत्त मंडळी माना डोलावत होती. मला प्रथमच वाटू लागले की हा माणूस निदान अनामत वाचवेल. इतक्यात गर्दीतून भैयाजींचा एक तरुण कार्यकर्ता ओरडला, “बाऊजी, एक वोट तो पक्का है न, आपका खुद का?”

दुसरा कोणीही हसून पुढे गेला असता. साडू थांबले. प्रश्न त्यांनी दोन्ही टोकांनी तपासला. मग म्हणाले, “नहीं। जो माल बनाता है, वह पास नहीं करता। मैं अपने को वोट नहीं दूँगा।”

कार्यकर्ता हुशार होता. “और चाचीजी?”

“वह भी मेरे ही घर की है,” साडू म्हणाले. “वह भी नहीं देगी।”

मग जो हशा उठला तो भाजीवाल्यांच्या टोपल्यांपासून सिनेमाच्या जुन्या भिंतीपर्यंत गेला. मी मेहुणीकडे पाहिले. तिने पदर सारखा केला आणि समोर, लिंबाच्या झाडाकडे, पाहत राहिली. नवऱ्याचे हसे झाल्याचे तिला वाईट वाटले, असे त्या संध्याकाळी बऱ्याच जणांनी म्हटले. मी तिला लग्नाआधीपासून ओळखतो. तिला वाईट वाटले ते वेगळ्या गोष्टीचे. तिला कोणी विचारले नव्हते. त्या रात्री आम्ही त्यांच्याकडेच जेवलो. आमटी वाढताना मेहुणीने विचारले, “आमटीत मीठ बरोबर आहे काय?” साडू म्हणाले, “बरोबर आहे.” “तुम्ही सांगू शकता न?” ती म्हणाली. “मी बनवली, तुम्ही नाही.” साडूंनी मान डोलावली. ते वाक्य त्यांच्या डोक्यावरून गेले. माझ्या पत्नीने माझ्या पायाला पाय लावला.

मतदानाच्या दिवशी मी माझी जुनी गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. माझे मत सिविल लाइंसकडचे, दुसऱ्या मतदारसंघातले. नाहीतर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती, एक मत मी छातीठोकपणे दाखवले असते. शाळेत पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. साडू आधी बाहेर आले. त्यांनी ‘वरीलपैकी कोणीही नाही’चे बटण दाबले, हे त्यांनीच मला सांगितले, सगळ्यांवर एकदम लाल फुली मारण्याची ती सोय त्यांना मनापासून आवडली होती. मग मेहुणी बाहेर आली, तर्जनी जरा दूर धरून, शाई वाळायची होती म्हणून. साडूंनी त्या बोटाकडे पाहिले. निळसर जांभळी रेघ, नखावर थोडी आणि कातडीवर थोडी. गाडीत ते पुढे माझ्याशेजारी बसले होते, पण मान मागे वळलेली होती. विचारायचे होते, हे मला त्यांच्या खिशावरून कळले. आत खडू मोडल्याचा आवाज येत होता. विचारले मात्र नाही.

मतदान आणि मतमोजणी यांच्या मधल्या काळात ते माणसातून उठले होते. धडधाकट वस्तूंवर फुल्या मारू लागले. चक्कीवरची निळी खूण पुसून पुन्हा तपासून आले. एके दुपारी माझ्याकडे आले, पंख्याकडे बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, “भाऊसाहेब, ती तुमच्या घरी काही बोलली काय?”

“तिलाच विचारा न.”

“मतदान गुप्त असतं.”

“नवऱ्यापासून कसलं गुप्त?”

“नवऱ्यापासूनच जास्त,” ते म्हणाले. “आणि मी काय विचारू? दिलं असेल तर तिनं नियम मोडला. नाही दिलं असेल तर...” पुढचे त्यांनी पंख्याला सांगितले असावे, मला ऐकू आले नाही. निवडणूक हरण्याची त्या माणसाला पर्वा नव्हती. भीती होती ती या एका उत्तराची, आणि दोन्ही बाजूंनी होती.

निकाल लागला. भैयाजी निवडून आले, साडूंची अनामत जप्त झाली. त्या धक्क्याने त्यांनी अंथरूण धरले, ही सचिवांची आणखी एक कथा. त्यांना सर्दी झाली होती. तिसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून ते पुलियाचा तडा पाहून आले. तो वाढला होता.

संक्रांतीला मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. सभागृहाला छत नव्हतेच, साडूंनी नाव मागे घेतले नाही म्हणून भैयाजींनी तो विषयच सोडला होता; भिंतींच्या मध्ये शामियाना ठोकला होता. साडू येणार नाहीत अशी सगळ्यांची अटकळ होती. ते आले, मेहुणीला घेऊन आले. दोघे दुसऱ्या रांगेत बसली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, म्हणून पुढच्या रांगेतली माझी खुर्ची मी मुद्दाम त्यांच्याकडे तोंड करून फिरवली. तिळगुळ वाटून झाल्यावर सचिव माइकपाशी गेले. छताचा राग त्यांच्या पोटात होता, आणि माइक हातात आला की पोटातले ओठावर येते. त्यांनी वर शामियान्याकडे पाहिले, मग साडूंकडे पाहिले आणि तो किस्सा प्रथमच सांगितला. चौक, प्रश्न, उत्तर, सगळे. “तर मंडळी,” ते शेवटी म्हणाले, “ज्याला घरच्या बायकोनेही मत दिले नाही, असा उमेदवार आपल्या मंडळाने जबलपूरला दिला. वहिनी, गोड बोला.” शामियाना हसला.

सचिव इथे थांबतात. इथून पुढचे मी सांगतो.

मेहुणी उभी राहिली. तिला माइकची गरज नव्हती; इतकी वर्षे पेटीवर आवाज लावलेला. “मी मत दिलं यांना,” ती म्हणाली.

हसणे विरले. साडू तिच्याकडे वर पाहत होते. “तू?” ते म्हणाले, आणि जमलेल्या सगळ्यांचा त्यांना विसर पडला. “अगं, आपला माल आपण...”

“तुमचा माल, तुमचा नियम. माझा काहून?” ती म्हणाली. “मी बनवलं काय तुम्हाला? सासूबाईंनी बनवलं. माझ्याकडे तर तयार आले तुम्ही, जसे होते तसे. लग्न झालं तेव्हापासून मी तपासूनच राहिली न तुम्हाला? लाल फुल्या पुष्कळ मारल्या, बोलून नाही दाखवल्या. या वेळेस पास केलं.” मग ती साडूंकडे वळली. पुढचे ती त्या शामियान्यासाठी बोलत नव्हती. “पण चौकात बोलायच्या आधी मला विचारायचं होतं तुम्ही. तपासणाराला न विचारता शेरा लिहीत होते काय तुमच्या कारखान्यात?”

साडूंनी खिशात हात घातला, निळ्या खडूचा तुकडा बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिले आणि परत ठेवला. मग उभे राहून, वरिष्ठांपुढे उभे राहतात तसे, म्हणाले, “नियम बरोबर आहे. मी लावला चुकीचा.” चाळीस वर्षांत आपण चुकलो असे त्यांनी म्हटलेले मी ऐकले ते हे पहिले. सचिव तिळगुळाची ताटे आवरायला गेले होते. त्यांनी हे ऐकले नाही असे ते म्हणतील. त्यांची पाठ आमच्याकडे होती, कान आमच्याकडेच होते.

परतताना ऑटोत मी पुढे बसलो होतो, ती दोघे मागे. आरशात मला दिसले: साडूंनी तिचा हात आपल्या हातात घेतला होता, आणि कारखान्यात गेज डोळ्यांजवळ धरत तसे ते बोट उजेडाकडे धरले होते. कातडीवरची शाई कधीच गेली होती. नखावरची मात्र नखाबरोबर पुढे सरकली होती, आणि मुळाशी कोऱ्या नखाची कोर दिसू लागली होती. त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाई तेव्हा माझीही नजर त्या बोटाकडे जाऊ लागली. शिवरात्रीला ती खूण टोकाजवळ आली. कणीक मळताना वाढलेले नख आड येई, तरी मेहुणी ते कापत नव्हती. कोणासाठी, ते मी विचारले नाही. होळीच्या सुमारास एका रविवारी गेलो तेव्हा नख कापलेले होते. साडू ओसरीत बसले होते. गेटावर, कठड्यावर, माझ्या काठीवर त्यांच्या फुल्या जिथल्या तिथे होत्या.

“खूण गेली, भाऊसाहेब,” ते हळूच म्हणाले.

आतून पेटीचा आवाज येत होता. भजनाचा निरोप पुन्हा येऊ लागला होता. मी म्हणालो, “खूण पुसली म्हणजे पास केलेला माल नापास होतो काय, तुमच्या कारखान्यात?”

त्यांनी विचार केला. मी वाद घालायच्या तयारीने खुर्ची पुढे ओढली. पण माझे म्हणणे त्यांनी, न तपासता, तसेच ठेवून घेतले, आणि आम्ही दोघे बराच वेळ पेटी ऐकत बसलो.